चार डोकी, एक यजमान

हसायचं असेल तर शेवटी हसा, मध्येच हसलात तर मी सांगायची थांबेन. घाबरायचं असेल तर मात्र संकोच करू नका. मी स्वतः अजून पुरती सावरलेली नाही. आमच्या घराण्यात घोळ घालणारे पुष्कळ होऊन गेले, पण असला घोळ फक्त मला जमला. त्याला राज्यशास्त्रात बी.ए. व्हावं लागतं.

आम्ही तंजावरचे मराठी. किती पिढ्या झाल्या ते कुणी मोजत नाही. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, भांडताना दोन्ही. तुम्ही पुण्याकडचे लोक आमचं मराठी ऐकून गालात हसता, ते आम्हाला दिसतं. देवनागरी मी हिंदीच्या शिकवणीत शिकले. घरातल्या मोठ्यांना ती वाचता येत नाही, म्हणून हे सगळं इतक्या निर्धास्तपणे लिहिते आहे.

तर कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला माझा प्रकल्प होता: ज्या देशांना एकच एक राष्ट्रप्रमुख नसतो असे देश. असतात असे. स्वित्झर्लंडमध्ये सात जणांचं मंडळ मिळून राष्ट्रप्रमुख. त्यातला एक जण वर्षभर अध्यक्ष म्हणवतो, पण तो बाकी सहांचा साहेब नसतो. बोस्नियात तीन जण, अध्यक्षपद आळीपाळीनं. सान मारिनो नावाच्या टीचभर देशात दोघं, तेही सहा-सहा महिन्यांपुरते. मी वर्गात उभी राहून तावातावानं सांगितलं की ही पद्धत फार हुशार आहे, कारण एका म्हाताऱ्याच्या लहरीवर देश चालत नाही. आणि फार लबाडही आहे, कारण निर्णय चुकला तर बोट कुणाकडे दाखवायचं तेच कळत नाही.

सरांनी विचारलं, असलं काही आपल्या आसपास पाहिलं आहे का? मी नाही म्हणाले. काय सांगणार होते? आमच्या घराण्याचा प्रमुख अगदी असाच आहे, फक्त तो वर्षातून एकदा, एका संध्याकाळपुरता, नारळीच्या बागेत अवतरतो?

पापनाशमच्या पुढं, कालव्याच्या काठाकाठानं गेलं की एक गाव लागतं. तिथं आमच्या कुलदेवीचं लहानसं देऊळ आहे. इकडच्या देवळांत सगळ्यात मोठा मान म्हणजे परिवट्टम. देवीच्या अंगावरचं रेशमी वस्त्र काढून पुजारी ते घराण्याच्या प्रमुखाच्या डोक्याला बांधतो. फार पूर्वी या मानावरून आमच्यातल्या चार भावांचं भांडण लागलं. कुणी हटेना. शेवटी वैतागलेल्या पुजाऱ्यानं चौघांना ओळीनं बसवलं आणि एकच लांबलचक वस्त्र चौघांच्या डोक्यांना गुंडाळून टाकलं. तेव्हापासून तीच रीत. चार भावांच्या चार फांद्या. प्रत्येक फांदीत जन्मलेलं सगळ्यात मोठं माणूस, बाई असो की पुरुष, आडी महिन्यातल्या एका शुक्रवारी देवीसमोर बसतं. आडी म्हणजे तुमच्या आषाढाच्या आसपासचा आमचा महिना.

वस्त्र बांधलं की ती चार माणसं राहत नाहीत. यजमान होतात. एक यजमान. त्याच्याशी एकवचनात बोलायचं. आणि ती चौघं, ऐका हं, एकाच वेळी, एकाच सुरात, स्वतःला "मी" म्हणतात.

लहानपणी ते ऐकलं की मी आईच्या साडीत तोंड खुपसत असे. चार म्हाताऱ्या तोंडांतून एकच आवाज यायचा, आणि तो त्या चौघांपैकी कुणाचाच नसायचा. घरी आल्यावर मी आईला विचारायचे, तो पाचवा कोण बोलत होता? आई म्हणायची, जेव आधी.

या यजमानाला विचारल्याशिवाय आमच्यात लग्न ठरत नाही, घराचा पाया खणत नाहीत आणि कोल्लिडम नदी ओलांडून कुणी राहायला जात नाही. यजमान "असू दे" म्हणाला की झालं. "नको" म्हणाला की पुढच्या आडीपर्यंत तो विषय पुन्हा काढायचा नाही.

आणि मला पुण्यात एम.ए.ला प्रवेश मिळाला होता. आडीतल्या त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारपर्यंत येते की नाही ते कळवायचं होतं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, बँकेत अधिकारी आहेत. सगळे व्यवहार फोनवर करतात, साखरेशिवाय कापी पितात, बायकांनी शिकावं यावर लग्नाच्या पंगतीत व्याख्यान देतात. म्हणाले, "माझी काही अडचण नाही, रुक्कू. यजमानाला विचारून घेऊ."

मी म्हटलं, आजोबा गेले, आता यजमान म्हणजे तुमचे दोन काका आणि एक आत्या. त्यांना डोक्याला फडकं बांधायच्या आत विचारलं तर काय बिघडतं?

"विचार की. पण ते उत्तर त्यांचं. यजमानाचं नव्हे."

आता अशा माणसांशी काय वाद घालणार? मी वाद सोडला आणि राजकारण धरलं. माझा प्रकल्प होता ना तो! मंडळ कितीही गूढ असलं तरी ते माणसांचंच असतं, आणि माणसं एकेकटी गाठता येतात. स्कूटी काढली आणि निघाले.

पहिले वेंकोबा आजोबा. रेल्वेतून निवृत्त, राहतात तंजावरातच. मला वाटलं होतं भांडावं लागेल, म्हणून मी रस्ताभर वाक्यं जुळवत गेले. त्यांनी ऐकून घेतलं, डवऱ्याच्या वाटीतली कापी पुढं सरकवली आणि म्हणाले, पुण्याला गाडी बदलून जावं लागेल, खालचा बर्थ मागून घे. झालं, परवानगी. निघताना मात्र दारापर्यंत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मी हो म्हटलं आहे. बांधल्यावर काय होईल ते माझ्या हाती नाही."

दुसरे राघोबा आजोबा, पापनाशमला भाताची शेती. तेही हो म्हणाले. दारापर्यंत आले. हळू आवाजात म्हणाले, "मी हो म्हटलं आहे. बांधल्यावर काय होईल ते माझ्या हाती नाही."

मला वाटलं, म्हातारे फोनवर बोलले असतील. यांना दुसरा उद्योग काय?

तिसऱ्या सेतुआजी. त्यांचं घर खेड्यात, कालव्यापलीकडं, आणि त्यांना कानाला फोन लावलेला कुणी पाहिलेलं नाही. त्यांना मुळी ऐकूच कमी येतं. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, जा म्हणाल्या, शीक म्हणाल्या. मी स्कूटी सुरू केली तशी पायरीवर आल्या. ओठ हलले. इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू आले नाहीत. ऐकायची गरजही नव्हती. ओठ तसेच हलत होते.

तुम्ही असता तर तिथंच शहाणे झाला असता. मी काय केलं? मनात तीन मतं जमा केली आणि परतीच्या वाटेवर शहाळं प्यायले.

चौथं डोकं माझ्या आजोबांचं होतं. ते पोंगलनंतर वारले. त्यांच्या जागी आमच्या फांदीतले मोठे म्हणून अप्पा बसणार होते, पण अग्नी देणाऱ्या मुलाला वर्षश्राद्ध होईपर्यंत असा मान डोक्यावर घेता येत नाही. जागा रिकामी ठेवावी, तर तसं कधी झालेलं नाही. आमच्या फांदीत अप्पांनंतर उरते कोण? मी.

पुजाऱ्याला विचारलं. त्याला काही हरकत नव्हती. सेतुआजी म्हणाल्या, वय कशाला बघता, डोकं असलं म्हणजे पुरे. हे मी कौतुक समजले.

आता गंमत बघा. यजमानात बसणाऱ्याला स्वतःचं काही विचारता येत नाही, म्हणून माझा प्रश्न माझ्या वतीनं सुधा विचारणार होती. सुधा माझी लांबची चुलत बहीण, राघोबा आजोबांच्या फांदीतली, कुंभकोणमला शाळेत शिकवते, तिचा आवाज खणखणीत. तीन मतं माझ्या बाजूची, चौथी मी स्वतः. जगात कुठल्या मंडळात इतकी पक्की जमवाजमव झाली असेल? गुरुवारी रात्रीच मी बॅगेत स्वेटर भरला.

शुक्रवारी दुपारपासून वारा नुसता धिंगाणा घालत होता. आडीच्या वाऱ्यात पाटासुद्धा उडतो, असं तमिळमध्ये म्हणतात. नारळीच्या झावळ्या एकमेकींवर आपटत होत्या, बायकांचे पदर आवरत नव्हते, समई तीनदा विझली. ऊन कलल्यावर आम्ही चौघं देवीसमोर, लोकांकडे तोंड करून, ओळीनं बसलो. आधी वेंकोबा आजोबा, मग राघोबा आजोबा, मग सेतुआजी, आणि शेवटच्या टोकाला मी. माझ्या उजव्या हाताला देवळाची उघडी बाजू, पुढं बाग, मग कालवा.

पुजाऱ्यानं देवीचं वस्त्र काढलं आणि पलीकडून गुंडाळत आणलं. माझ्या डोक्याभोवती वेढा घालून उरलेलं टोक उजव्या खांद्यावरून खाली सोडलं. वस्त्र थंडगार होतं. दिवसभर समया आणि कापूर यांच्यामध्ये असलेलं वस्त्र इतकं थंड कसं, असं माझ्या मनात आलं तेवढ्यात वारा पडला.

कमी झाला असं नव्हे. पडला. झावळ्या जिथल्या तिथं थांबल्या. समईची ज्योत सुईसारखी उभी राहिली.

आणि मग मला जाणवलं की सेतुआजींचा श्वास मला कळतो आहे. त्यांच्या पलीकडचा राघोबा आजोबांचाही. वस्त्र श्वासाबरोबर जरासं ताणतं, सैल होतं. चौघांचा श्वास एका वेळी आत, एका वेळी बाहेर. मी मुद्दाम माझा श्वास रोखून धरला. खरं सांगते, रोखला गेला नाही.

पहिला प्रश्न चेन्नईच्या एका काकांचा. सगळ्यांच्या सोयीसाठी हा उत्सव रविवारी ठेवावा का? मी विचार करते न करते तोच डावीकडून एक अगदी बारीक ओढ आली. माझी मान डावीकडे गेली, उजवीकडे आली. चौघांच्या माना एकदम हलल्या. आणि माझं तोंड उघडलं.

"नको. मी नको म्हणतो."

म्हणतो! मी, रुक्मिणी, बी.ए. त्या आवाजात माझा आवाज कुठं होता ते मलाच ऐकू आलं नाही.

पण मी शिकलेली मुलगी. घाबरायच्या आधी मी कारण शोधलं, आणि सापडलं. वस्त्र! ज्याची मान आधी हलेल त्याची ओढ बाकीच्यांना लागते. एवढंच गूढ. पिढ्यान्‌पिढ्या सगळं घराणं ज्याला हात जोडतं तो चमत्कार म्हणजे डोक्याला बांधलेलं एक कापड. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

आणि जे कळलं ते वापरून बघायला नको?

दुसरा प्रश्न आला, देवळावर कर्णा लावावा का. या वेळी मी वाट पाहिली नाही. मीच मान हलवली, किंचित, डावीकडे-उजवीकडे. लगेच तीन म्हातारी डोकी माझ्या मागोमाग वळली. "नको. मी नको म्हणतो." समोर उभी असलेली चाळीसेक माणसं, त्यात अप्पा, त्यात मला उठताबसता शिकवणारे सगळे काका-मामा, खाली वाकली.

तुम्हाला कधी कुणी वाकून नमस्कार केला आहे का, तुमच्या मानेच्या एका झटक्यावर? तर मग मला नावं ठेवू नका.

चिंचेचं झाड पाडून गाड्यांसाठी जागा करायची का? नको. मांडवावर पत्रा घालायचा का? नको. एक काकू पुढं आल्या. गुडघे धरलेले होते. देवीसमोर खुर्ची मांडून बसलं तर चालेल का, असं बिचारीनं विचारलं. त्यात नको म्हणण्यासारखं काय होतं? काहीच नाही. मान तयारच होती, हलली. नको. मी नको म्हणतो. काकू पाय ओढत मागं गेल्या, आणि मला, देवीशपथ सांगते, जराही वाईट वाटलं नाही. वाटणारं माणूस तिथं नव्हतंच.

मग सुधा आली. हात जोडले. मला तिच्या कानातले डूल दिसत होते, पण ती माझी बहीण आहे हे आठवायला क्षणभर वेळ लागला. कुठून तरी फार लांबून तिचा खणखणीत आवाज आला.

"यजमाना, आमच्या घराण्यातली रुक्मिणी पुण्याला शिकायला जाऊ म्हणते. जाऊ दे?"

हां, हे माझं. मी स्वतःला गदागदा हलवून जागं केलं. आता मान खाली घालायची, वर करायची, "असू दे" म्हणायचं. डावीकडे तीन हो बसले होते. मी हनुवटी खाली न्यायला सुरुवात केली.

आणि ओढ आली.

उजवीकडून.

नीट ऐका. मी टोकाला होते. माझ्या उजवीकडे कुणी नव्हतं. नुसतं वस्त्राचं सुटलेलं टोक, आणि त्यापुढं बाग. ओढ जोरकस नव्हती. एखादं माणूस शेजारी बसून नुसती मान हलवतं, तेवढीच. माझी मान उजवीकडे गेली, डावीकडे आली, मागोमाग तीन माना हलल्या.

"नको. मी नको म्हणतो."

समोर सगळे वाकले. अप्पाही वाकले.

वस्त्र सोडल्यावर मी आधी उजवीकडे बघितलं. टोक माझ्या मांडीशेजारी पडलं होतं, ओलसर, दुमडलेलं. कुणी नव्हतं. मग मी तिघांवर तुटून पडले. तुम्ही हो म्हणाला होता, तिघंही, तुमच्या तुमच्या दारात उभं राहून. मग नको कुणी म्हटलं?

वेंकोबा आजोबा चष्मा शोधत होते. म्हणाले, त्यांनी फक्त राघोबाची ओढ लागली म्हणून मान हलवली. राघोबा आजोबा म्हणाले, सेतूची ओढ आली. सेतुआजींनी माझ्याकडे बघितलं. अगदी मायेनं.

"तुझ्याकडनं आली, बाळ. आम्हाला वाटलं, पोरीनं विचार बदलला. तिचंच काम, तीच नको म्हणते, आम्ही मध्ये कोण बोलणार?"

मी म्हटलं, ओढ माझी नव्हती, पलीकडून आली. वारा असेल.

"वारा कुठं होता?" सुधा म्हणाली. ती समोर उभी होती, तिला समई दिसत होती. ज्योत हललीच नव्हती.

पुजारी वस्त्राची घडी घालता घालता थांबला. बागेत एक झावळी खाली पडली आणि सगळे दचकले.

सेतुआजींनीच शेवटी विचारलं, "ओढ कुणाची का असेना. तोंड आधी कुणी उघडलं?"

"हिनंच," सुधा म्हणाली. "मी हिच्या तोंडाकडेच बघत होते. बाकीच्यांनी नंतर उघडलं."

मी अप्पांकडे वळले. म्हटलं, तुम्हाला कळतंय ना, हा अपघात आहे? एका कापडाच्या ओढीवर माझं वर्ष जाणार? अप्पांनी चप्पल शोधली, पायात घातली, आणि बँकेत मोठ्या खातेदाराशी बोलावं तशा अदबीनं मला म्हणाले, "मी काय करू? मी पाठवायला तयार होतो. तुम्हीच नको म्हणालात."

तुम्ही! स्वतःच्या मुलीला!

मी शनिवारी भांडले, रविवारी जेवले नाही, सोमवारी पुण्याला येत नाही म्हणून कळवलं आणि बॅगेतला स्वेटर काढून कपाटात ठेवला. आजोबांचं वर्षश्राद्ध पुढच्या आडीच्या आत होतं, म्हणजे पुढच्या खेपेला त्या टोकाला अप्पा बसतील आणि मी समोर उभी राहून विचारीन. तोवर तंजावरातच एका शिकवणी-वर्गात नागरिकशास्त्र शिकवते. गुडघेदुखीच्या काकू बाजारात भेटल्या की मी रस्ता बदलते.

कॉलेजातल्या मैत्रिणी अजून विचारतात, काय गं, पुण्याला जाणार होतीस ना, काय झालं? मी मान खाली घालते, सुस्कारा सोडते आणि सांगते, घरातली मोठी माणसं ऐकतच नाहीत गं. मग त्या माझ्या म्हाताऱ्यांना इतक्या शिव्या देतात, इतक्या मनापासून देतात, की त्यांतला नेमका माझा वाटा किती, हे सांगायला मला तोंडच उरत नाही.